हवेतले नत्र आणि त्याचे मोल

श्रोतेहो, आज तुमच्याशी एका विकराविषयी बोलायचे आहे. विकर हा शब्द पुस्तकी वाटला, तरी वस्तू घरचीच आहे. भाकरीचा घास तोंडात बराच वेळ घोळवला की तो गोड लागू लागतो. ते लाळेतल्या विकराचे काम. सजीवांच्या शरीरात जी रासायनिक कामे चालतात, ती करणारे हे कारागीर. काम उरकतात आणि पुन्हा नव्या कामाला मोकळे होतात. आजचा आपला कारागीर हरभरा, तूर, मूग, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत जे जिवाणू राहतात, त्यांच्यापाशी असतो. त्याचे नाव नायट्रोजनेज. हवेतले नत्र धरायचे आणि त्याचा अमोनिया करायचा, हे त्याचे काम.

हा विषय मी वर्गात बरीच वर्षे शिकवीत आलो, आणि दर वर्षी एक वाक्य ठरल्यासारखे सांगत आलो: "द्विदल पिकांना हवेतले नत्र फुकट मिळते." एकदा शेतकऱ्याच्या घरच्या एका विद्यार्थ्याने हरभऱ्याची चार झाडे मुळांसकट आणून माझ्या टेबलावर ठेवली. पाला हिरवागार, पण मुळांवर गाठ औषधालासुद्धा नाही. मी विचारले, "खत काय दिलं होतंस?" तो म्हणाला, "युरिया दिला, सर. दोनदा. पण तुम्ही तर म्हणता नत्र फुकट मिळतं. मग फुकटचं सोडून झाडानं विकतचं का घेतलं?"

मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरे उत्तर त्या विकराच्या घडणीत आहे. ते आज सावकाश देतो.

आधी नत्राची अडचण काय, ते पाहू. हवेचे जवळजवळ ७८ टक्के आकारमान नत्रवायूने व्यापलेले आहे. तुमच्या एका एकरावर आकाशापर्यंत हवेचा जो स्तंभ उभा आहे, त्यात सुमारे ३० हजार टन नत्र भरते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे प्रत्येक एकरावर चौदा-पंधरा लाख गोण्यांचे नत्र तरंगते आहे! आणि आपण एका गोणीसाठी दुकानापुढे रांगेत उभे राहतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

पण या कळशाचे झाकण फार घट्ट आहे. हवेतल्या नत्राचे अणू सुटे नसतात. दोन-दोन अणू तीन बंधांनी एकमेकांना जखडलेले असतात. प्राणवायूची जोडी फोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा नत्राची जोडी फोडायला लागते. म्हणून नत्र झाडाच्या पानाला चोवीस तास स्पर्श करते, पण झाडाच्या उपयोगी पडत नाही.

ही जोडी फोडण्याची माणसाची रीत जर्मनीत निघाली. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली ती प्रयोगशाळेत करून दाखवली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात आणली, आणि १९१३ साली ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. चारशे ते पाचशे अंश सेल्सियस उष्णता, हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि लोखंडाचे उत्प्रेरक असा हा सारा थाट. आपल्या अलिबागजवळ थळ येथे युरियाचा जो मोठा कारखाना आहे, तोही याच तत्त्वावर चालतो. आज जगातल्या सुमारे निम्म्या लोकांचे अन्न या रीतीने बांधलेल्या नत्रावर पिकते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण आता उलट बाजू बघा. हेच काम हरभऱ्याच्या मुळावरची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ करते. तिथे भट्टी नाही, दाबाची टाकी नाही. मातीची जी उष्णता, तीच तिची उष्णता. आपल्या वाडवडिलांना हे कार्य माहीत होते, कारण माहीत नव्हते. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे ते म्हणत, आणि त्या रानात पुढचे पीक घेत. कारण कळले ते १८८० नंतरच्या दशकात. जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी दाखवले की, गाठी असलेली द्विदल झाडे हवेतले नत्र वापरतात. १८८८ साली हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी त्या गाठींतले जिवाणू वेगळे काढून वाढवले.

जिवाणू सापडले, पण त्यांच्या पोटातला कारागीर हाती लागायला आणखी ७२ वर्षे गेली. १९६० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जमिनीत राहणारे एक जातीचे जिवाणू फोडले, त्यांचा अर्क काढला, आणि जिवाणू मेलेले असतानाही तो अर्क नत्राचा अमोनिया करतो, हे भरवशाने करून दाखवले. पुढे कळले की, हा कारागीर एकटा नाही. ती दोन प्रथिनांची जोडी आहे. एक मोठे, एक लहान. दोन्ही वेगळी ठेवली तर काम ठप्प. एकत्र आणली की काम सुरू. बैलगाडीचे जू आणि बैल यांच्यासारखेच म्हणा ना.

या जोडीचे रूप कसे आहे, हे डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. मोठ्या प्रथिनाचे एक लाख रेणू एका रांगेत मांडले, तर कशीबशी एक मिलिमीटर लांबी होईल. यावर शास्त्रज्ञांनी युक्ती काढली आहे. खडीसाखरेचे खडे धरतात ना, तसे प्रथिनाचे स्फटिक धरवायचे आणि त्यांवर क्ष-किरण सोडायचे. किरण ठरावीक दिशांनी विखुरतात, ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि त्या नक्षीवरून गणित करून कोणता अणू कुठे बसला आहे ते काढायचे. १९९२ साली कॅलिफोर्नियात डग्लस रीस आणि त्यांचे सहकारी यांनी या रीतीने नायट्रोजनेजच्या दोन्ही प्रथिनांचे नकाशे काढले. त्यांनी घेतलेला विकर ॲझोटोबॅक्टर या जमिनीत मोकळ्या राहणाऱ्या जिवाणूचा होता. गाठीतल्या जिवाणूंचा विकरही त्याच घडणीचा आहे.

आता त्या नकाशात आपण फिरून येऊ. मोठे प्रथिन म्हणजे एक जुळा वाडा समजा. चार साखळ्यांचा बनलेला, आणि मध्ये भिंत घालून दोन सारखे हिस्से केलेला. प्रत्येक हिश्श्यात दोन महत्त्वाच्या जागा आहेत. बाहेरून आत आले की आधी ओसरी. तिथे लोहाचे आठ आणि गंधकाचे सात अणू यांचा एक झुबका आहे. आणखी आत गेले की माजघर. खरे काम चालते ते इथे. दोन हिश्श्यांची माजघरे एकमेकांपासून सुमारे सात नॅनोमीटर दूर आहेत. दोन्हीकडच्या चुली वेगळ्या.

माजघरात काय आहे? तिथे एक इवलासा आकाशकंदील टांगलेला आहे. त्याच्या सांगाड्यात लोहाचे सात अणू, गंधकाचे नऊ आणि मॉलिब्डेनम या धातूचा एक. एका टोकाला लोहाचा एक अणू, मग तीन अणूंची कडी, मग पुन्हा तीन अणूंची कडी, आणि दुसऱ्या टोकाला मॉलिब्डेनम. मधल्या जागा गंधकाने सांधलेल्या. एवढा हा कंदील, पण प्रथिनाने त्याला फक्त दोन ठिकाणी धरले आहे, दोन टोकांना दोन आकड्यांनी. मॉलिब्डेनमच्या टोकाला आणखी एक छोटा सेंद्रिय रेणू बिलगलेला आहे. त्याचे नाव होमोसिट्रेट. लिंबातल्या आम्लाचा तो जवळचा भाऊबंद. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

१९९२ च्या नकाशात कंदील आतून रिकामा दिसत होता. लोहाच्या सहा अणूंच्या मध्ये पोकळी, आणि त्या पोकळीत काही नाही. दहा वर्षांनी, २००२ साली, अधिक स्पष्ट नकाशा निघाला, तेव्हा दिसले की मधोमध एक हलका अणू बसलेला आहे. आधीच्या धूसर चित्रात तो भोवतालच्या जड अणूंच्या झगमगाटात लपला होता. तो कोणाचा? नत्राचा, प्राणवायूचा की कार्बनचा? यावर वाद चालला. २०११ साली निकाल लागला: कार्बन. कंदिलातला दिवा सापडायला १९ वर्षे लागली. शिक्षकमित्रांनो, मुलांना हे जरूर सांगा. नकाशा चुकीचा नव्हता. अपुरा होता. आणि तो अपुरा आहे हे ज्यांना कळले, त्यांनीच तो पुरा केला.

आता लहान प्रथिनाकडे वळू. हा त्या वाड्याचा पाणक्या आहे. त्याचे दोन सारखे अर्धे भाग असतात, आणि ओंजळीत दाणा धरावा तसा दोहोंच्या मध्ये लोहाचे चार आणि गंधकाचे चार अणू असलेला झुबका धरलेला असतो. तो वाहतो ते पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन. एका खेपेला एकच घागर. वाड्याच्या दाराशी येऊन तो चिकटतो, घागर ओसरीत जाते, ओसरीतून माजघरात, आणि हा दारापासून सुटून पुन्हा भरायला जातो.

पण फुकट खेप घालील तर तो पाणक्या कसला? प्रत्येक खेपेला तो दोन नाणी घेतो. ही नाणी म्हणजे एटीपी नावाचे रेणू. जिवंत पेशीतला सारा ऊर्जेचा व्यवहार याच नाण्यांत चालतो. नाणे बसले की पाणक्याच्या अंगाची ठेवण बदलते आणि तो दाराला नीट बसतो. नाणे मोडले की घागर रिकामी झालेला पाणक्या दार सोडतो. नत्राच्या एका जोडीचा अमोनिया व्हायला अशा आठ खेपा लागतात. आठ खेपा, प्रत्येकी दोन नाणी, म्हणजे सोळा नाणी. त्यांतही आठ घागरींपैकी सहाच अमोनियाच्या कामी येतात. उरलेल्या दोन हायड्रोजन वायू होऊन निघून जातात. पूर्वी ही नासाडी वाटे. आता असे दिसते की, हायड्रोजन निघून जातो तेव्हाच नत्राला कंदिलाशी जागा मिळते. ते दार उघडण्याचे मोल आहे.

शिवाय काम संथ. पुष्कळ विकर एका सेकंदात शेकडो-हजारो रेणू हातावेगळे करतात. नायट्रोजनेजला नत्राच्या एका जोडीला सुमारे सेकंदभर लागतो. म्हणून जिवाणूला हा विकर भरपूर बनवून ठेवावा लागतो, आणि तोही खर्चच.

ही नाणी येतात कुठून? जिवाणूजवळ त्यांची खाण नाही. झाड उन्हात साखर बनवते. ती मुळांकडे पाठवते, आणि तिच्यापासून झालेले अन्न गाठीतल्या जिवाणूंना देते. ते जाळून जिवाणू नाणी पाडतात. म्हणजे दाणे भरण्याला जी साखर गेली असती, तिचा एक वाटा या कामाला जातो. श्रोतेहो, "फुकट" हा माझा शब्द इथेच खोटा ठरला.

एवढ्यावर भागले असते तरी बरे. पण या विकराला प्राणवायू सोसत नाही. लोह आणि गंधकाचे ते झुबके प्राणवायू लागताच बिघडतात. लहान प्रथिन उघड्या हवेत ठेवले, तर मिनिटभरात त्यातले निम्मे निकामी होते. इकडे साखर जाळून नाणी पाडायला जिवाणूला प्राणवायू तर हवाच. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत.

यावर मोकळ्या राहणाऱ्या ॲझोटोबॅक्टरने आपली वाट काढली आहे. तो इतक्या झपाट्याने श्वसन करतो की आत प्राणवायू शिल्लक राहत नाही. तरीही तो घुसलाच, तर आणखी एक प्रथिन धावून येते आणि दोन्ही प्रथिनांना एकमेकांशी जखडून झाकून टाकते. काम थांबते, पण विकर वाचतो. १९६८ साली शेठना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन वेगळे काढले, म्हणून ते शेठना प्रथिन म्हणून ओळखले जाते. ते विकराला नेमके कसे मिठी मारते, याचे चित्र २०२५ साली प्रसिद्ध झाले.

हरभऱ्याच्या गाठीत मात्र ही काळजी झाड घेते. आपल्या रक्तातला तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. झाड गाठीत त्याच्याच कुळातला पदार्थ तयार करते. तो प्राणवायू धरून ठेवतो आणि जिवाणूला मोजून-मापून देतो. नाण्यांपुरता मिळतो, विकर बिघडण्याइतका साठत नाही. काम करणारी गाठ आतून गुलाबी-तांबूस दिसते ती यामुळे.

आता तो होमोसिट्रेट आठवा. कंदिलाच्या टोकाला बिलगलेला. गाठींत राहणाऱ्या अनेक जातींच्या जिवाणूंना तो स्वतः करताच येत नाही. मग येतो कुठून? २००९ साली जपानी संशोधकांनी एका द्विदल रोपावर दाखवले की, तो झाड पुरवते. ज्या रोपात तो तयार होत नव्हता, त्याच्या मुळांवर गाठी आल्या, पण त्या नावापुरत्या. नत्राचे काम जवळजवळ बंद. पाहा, साखर झाडाची, प्राणवायूचे राखण झाडाचे, आणि विकराच्या ऐन गाभ्यातला एक तुकडासुद्धा झाडाचा! आपण म्हणतो जिवाणू नत्र देतात. खरे पाहता हा दोघांचा पाती-भागीदारीचा धंदा आहे.

आता त्या विद्यार्थ्याचे उत्तर. मुळाला जमिनीत तयार नत्र भरपूर मिळाले, की झाड भागीदारीत भांडवल घालीत नाही. साखर आखडते घेते, गाठी येऊ देत नाही, आलेल्या पोसत नाही. विकतचे घेतले ते तुम्ही. झाडाच्या हिशेबी तेच स्वस्त होते. म्हणून द्विदल पिकाला पेरणीच्या वेळी शिफारशीइतकेच थोडे नत्र द्यावे. गाठी कामाला लागेपर्यंत रोपाची ती शिदोरी. पुढे हात आवरावा.

विकराच्या घडणीवरून आणखी चार गोष्टी समजतात. एटीपीच्या नाण्यात स्फुरद असते, म्हणून कडधान्याला स्फुरद कमी पडू देऊ नये. रानात पाणी तुंबले की गाठींना हवा पुरत नाही आणि नाणी पडेनाशी होतात, म्हणून निचरा हवा. मॉलिब्डेनम चिमूटभरच लागते, पण आम्ल जमिनीत ते मुळांना कमी मिळते. म्हणून अशी जमीन तपासून घ्यावी. आणि बियाण्याला लावायचे जिवाणूंचे पाकीट त्या-त्या पिकाचेच घ्यावे. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याशी संसार करीत नाही. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळावे, सावलीत सुकवावे, आणि लगेच पेरावे. बुरशीचे औषध लावायचे असेल, तर ते आधी, जिवाणू मागाहून. पाकिटात जिवंत जीव आहेत. ते उन्हात टाकले, तर पेराल ती नुसती भुकटी.

कोणी विचारील, "मग हा विकर ज्वारीत, गव्हात का घालत नाही?" प्रयत्न चालू आहेत. १९७२ साली इंग्लंडमध्ये डिक्सन आणि पोस्टगेट यांनी नत्र बांधण्याची जनुके एका जिवाणूतून दुसऱ्या जिवाणूत नेऊन दाखवली. पण जिवाणूतून झाडात नेणे वेगळे. ज्या जिवाणूतून ती नेली, त्याच्याजवळ या एका कामासाठी वीसच्या आसपास जनुके आहेत. कंदील घडवणारे वेगळे, टांगणारे वेगळे, पाणक्या सजवणारे वेगळे. त्यात प्राणवायूपासून राखण, आणि नाण्यांची सोय. नुसता कारागीर नेऊन भागत नाही, त्याचा वाडाच उभा करावा लागतो. म्हणून कोणी ज्वारीच्या मुळांवर हरभऱ्यासारख्या गाठी आणून देण्याचे औषध विकायला आणले, तर पाकीट घेण्याआधी मूळ दाखवा म्हणावे.

शेवटी एक काम सांगतो. शेतकरी बंधु-भगिनींनी आणि शिक्षकांनी ते मुलांना बरोबर घेऊन करावे. पीक फुलोऱ्यावर आले की एक झाड खुरप्याने मातीसकट खणून काढा. उपटू नका, गाठी मातीत राहतात. बादलीत मुळे हलक्या हाताने धुवा. बोटाने चोळल्यावर सुटून येते ती आपली गाठ. मूळच फुगून गाठाळले असेल आणि गाठ सुटत नसेल, तर तो बहुधा सूत्रकृमीचा उपद्रव. सुटलेली गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी दिसली तर भागीदारी नीट चालली आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली, तर काम सुरू झालेले नाही किंवा संपले आहे. दहा झाडांच्या गाठी मोजा, रंग लिहून ठेवा. बांधापलीकडच्या रानातलीही पाहा आणि कोणी किती युरिया दिला ते शेजारी लिहा. खर्च एका ब्लेडचा.

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढच्या हंगामात हे केले. अर्ध्या रानात युरिया दिला, अर्ध्या रानात पाकीट लावून हात आवरला, आणि दोन्हीकडची मुळे पुन्हा माझ्या टेबलावर आणून ठेवली. दुसऱ्या जुडीतली एक गाठ त्याने माझ्यासमोर कापली. आत गुलाबी होती. त्यानंतर "फुकट" हा शब्द मी वर्गात उच्चारलेला नाही.